सल्ला हवा: तोंडातल्या चट्ट्यांच्या तपासणीसाठी रामन, प्रतिदीप्ती की परावर्तन?

किरणवेध

नमस्कार. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे. प्रकल्पासाठी आमच्या विभागाने एका दंत रुग्णालयाबरोबर काम करायचं ठरवलंय. तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या ऊतींवर फायबरमधून प्रकाश टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि कुठला चट्टा कर्करोगाकडे झुकतोय हे त्यावरून ओळखता येतं का ते पाहायचं, असा विषय आहे.

हाताशी एक हॅलोजन दिवा आणि ४०० ते १००० नॅनोमीटरचा छोटा स्पेक्ट्रोमीटर आहे. प्रतिदीप्तीसाठी, म्हणजे प्रकाश शोषून ऊती स्वतः चमकते ती चमक मोजायला, ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेझर मिळू शकतो. रामनसाठी, म्हणजे रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश मोजायला, ७८५ चा लेझर आणि प्रोब मागवायचा तर आत्ताच अर्ज करावा लागेल. कुठून सुरुवात करू? काय वाचू? या कामात मुरलेल्या कुणी मार्ग दाखवला तर फार उपकार होतील.

जुना_फायबर

आधी परावर्तन घे. रामनचा अर्ज टाकून ठेव, पण पहिलं मोजमाप हॅलोजन दिव्यानेच कर.

पांढरा प्रकाश ऊतीत शिरला की आत असंख्य वेळा विखुरतो आणि त्यातला काही पुन्हा पृष्ठभागावर येतो. वाटेत हिमोग्लोबिन त्यातला ठरावीक भाग शोषून घेतं. ४१५ नॅनोमीटरपाशी खूप मोठं शोषण दिसतं, मग ५४२ आणि ५७७ ला दोन खळगे. ऑक्सिजन निघून गेला की त्या दोन खळग्यांच्या जागी ५५६ च्या आसपास एकच रुंद खळगा राहतो. म्हणजे रक्त किती आणि त्यात ऑक्सिजन किती, दोन्ही एका वर्णपटातून वाचता येतं. शिवाय पेशींची केंद्रकं फुगली, कोलॅजनची (ऊतीला आधार देणाऱ्या प्रथिनाची) वीण सैल झाली की विखुरण्याची तऱ्हा बदलते आणि ते वर्णपटाच्या उतारात उतरतं. एंडोस्कोपीत ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे अरुंद पट्टे वापरून रक्तवाहिन्यांची नक्षी उठावदार करतात, त्यामागेही हिमोग्लोबिनचे हेच पट्टे आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की कर. बीअर-लॅम्बर्टचा नियम (शोषण आणि प्रकाशाने कापलेलं अंतर यांवरून पदार्थाचं प्रमाण काढणारा) इथे सरळ लावता येत नाही. क्युव्हेटमध्ये (द्रव मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) प्रकाशाने कापलेलं अंतर माहीत असतं, ऊतीत ते माहीत नसतं आणि ते तरंगलांबीनुसार बदलतंही. म्हणून विखुरणं आणि शोषण वेगळं करणारं प्रारूप लागतं. त्यासाठी लिहाँग वांग आणि स्टीव्हन जॅक्स यांचा १९९५ चा एमसीएमएल हा माँटे कार्लो प्रोग्राम (यदृच्छ आकड्यांनी एकेका फोटॉनचा प्रवास रेखणारा) स्वतः चालवून बघ. तो मोफत मिळतो. थरांची जाडी आणि गुणांक बदलत गेलं की प्रकाश कुठवर पोचतो हे हाडीमासी भिनतं.

वाचनात पहिलं नाव जॅक्स यांच्या २०१३ च्या आढावा लेखाचं, 'फिजिक्स इन मेडिसिन अँड बायॉलॉजी' मधला. ऊतींचे प्रकाशगुण एवढ्या नीट एका जागी मांडलेले माझ्या पाहण्यात नाहीत. हिमोग्लोबिनच्या शोषणाचे आकडे स्कॉट प्राल यांनी संकलित केलेल्या तक्त्यातून घे. पुस्तक एकच घ्यायचं असेल तर बिजिओ आणि फँटिनी यांचं २०१६ चं. गणित आहे, पण हात धरून नेतं.

किरणवेध

खूप आभार, फायबरकाका! पण रामनमध्ये रेणूंची ओळख मिळते ना? परावर्तनात तेवढा तपशील येत नाही असं वाचलं होतं.

जुना_फायबर

बरोबर वाचलंस. रामनमध्ये १००३ ला फेनिलअ‍ॅलनिन, १४४५ ला मेद आणि प्रथिनांतले सीएच-टू गट, १६५५ ला प्रथिनांचा अमाइड-१ पट्टा अशी रासायनिक ओळख मिळते (आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये). निदानासाठी त्यात ताकद आहे, यात मला शंका नाही.

पण हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. विखुरलेल्या कोटीभर फोटॉनांत रामनचा एखादाच, आणि त्याच्या अंगावर ऊतीची स्वतःची प्रतिदीप्ती चढून बसलेली. ७८५ निवडतात ते त्यासाठीच. दृश्य प्रकाशापेक्षा इथे प्रतिदीप्ती कमी, आणि १८०० प्रति सेंटिमीटरपर्यंतचा संकेत ९१४ नॅनोमीटरच्या आत राहतो, त्यामुळे सिलिकॉनचा डिटेक्टर अजून पुरतो. १०६४ घेतलास तर प्रतिदीप्ती आणखी घटते, पण डिटेक्टर बदलावा लागतो. भर म्हणून फायबरची काचही स्वतःचा रामन संकेत देते, तेव्हा टोकाशी फिल्टर असलेला प्रोबच माग. साध्या फायबरवर रामनचा प्रयोग करू नकोस, महिने वाया जातील.

लेझरच्या सुरक्षेबद्दल: ७८५ डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो किंवा दिसतच नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. रुग्णाला आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्या तरंगलांबीचा चष्मा हवाच. त्वचेसाठी या तरंगलांबीला, दहा सेकंदांहून जास्त वेळ प्रकाश टाकायचा असेल तर, मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ वॅट येते. तोंडातलं अस्तर त्याहून नाजूक समज आणि तुमच्या लेझर सुरक्षा अधिकाऱ्याकडून आकडेमोड तपासून घे.

स्लाइडवाली

मी तोंडाच्या विकृतिशास्त्रात काम करते. वर उपकरणांबद्दल जे लिहिलंय ते उत्तमच आहे. माझा सल्ला दुसऱ्या टोकाचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

किरणवेध, तुझा वर्णपट ज्या ठिपक्यावरून येईल त्याच ठिपक्यातून बायोप्सी निघाली पाहिजे. तुझा प्रोब मिलिमीटरभर जागा बघतो. एकाच चट्ट्यात एका कडेला नुसतं जाड झालेलं केराटिन (अस्तरावरचं कडक प्रथिन) आणि चार मिलिमीटरवर तीव्र डिस्प्लेशिया (पेशींतला कर्करोगाआधीचा बिघाड) असं चित्र आमच्यासमोर नेहमी येतं. सर्जनने तुकडा दुसऱ्या कोपऱ्यातून घेतला तर तुझ्या वर्णपटावर चुकीची चिठ्ठी लागेल, आणि पुढे कितीही हुशार गणित केलंस तरी ती चिठ्ठी दुरुस्त होणार नाही. मोजमाप झालं की त्याच जागी शस्त्रक्रियेची शाई लाव, मोजपट्टी ठेवून फोटो काढ, तुकड्याची दिशा दाखवणारा टाका घालून घे. हे सर्जनबरोबर आधी बसून ठरव. वर्णपट नेहमी शाईच्या आधी घ्यायचा, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

दुसरं, तोंडातल्या अस्तराचा वरचा थर गालाच्या आत साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि डिस्प्लेशिया त्याच्या तळच्या पेशींपासून वर चढतो. तुझा प्रकाश त्याखाली बराच खोल जात असेल तर तू मुख्यतः खालच्या जोडऊतीतलं रक्त मोजशील. नुसती सूज असली तरी तिथे रक्त वाढतंच. दिवा आणि डिटेक्टरच्या फायबरमधलं अंतर कमी ठेवता येईल का, ते फायबरकाकांना विचार.

प्रतिदीप्तीबद्दलही सावध करते. ४०५ ने उजळवलं की निरोगी अस्तर हिरवट चमकतं आणि बिघडलेली जागा काळपट दिसते, कारण खालच्या कोलॅजनची चमक घटते आणि रक्त ती शोषतं. पण साध्या दाहातही तसंच काळं दिसतं. पांढऱ्या चट्ट्यात केराटिन स्वतःच चमकतं. जिभेवर जिवाणूंच्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे ६३५ जवळ लाल झळक येते, तिला गाठीची खूण समजू नकोस. तंबाखूचे डाग असतील तर तेही नोंदव.

आणि कापलेल्या तुकड्यावर घेतलेली प्रतिदीप्ती जिवंत ऊतीच्या जागी वापरू नकोस. रक्तपुरवठा तुटला की एनएडीएच या पेशीतल्या चमकणाऱ्या रेणूचं प्रमाण मिनिटांत बदलतं. फॉर्मॅलिनने प्रथिनं जखडली जातात, तुकडा ज्या मेणात बसवतात त्या पॅराफिनला तर रामनमध्ये स्वतःचे ठसठशीत पट्टे आहेत.

जुना_फायबर

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद प्रत्येक प्रकाशवाल्याने छापून भिंतीवर लावावा असा आहे.

खोलीबद्दल: फायबरमधलं अंतर जेवढं, त्याच्या साधारण निम्म्या खोलीवरून बराचसा संकेत येतो असा ढोबळ अंदाज चालतो, पण अंतर मिलिमीटरच्या आत आलं की तो विश्वासाचा राहत नाही. तिथे तिरके कापलेले फायबर किंवा ध्रुवीकरणाने वरवरचा प्रकाश वेगळा काढणं हे मार्ग आहेत. किरणवेध, माँटे कार्लो चालवायला सांगितलं ते याचसाठी. प्रोब बनवण्याआधी त्याची खोली संगणकावर बघून घे.

विदावाचक

मी आकडेवाला माणूस, ऊतींतलं मला कळत नाही. पण वैद्यकीय वर्णपटांचे बरेच संच हाताखालून गेलेत, त्यावरून सांगतो.

एका रुग्णाचे दहा वर्णपट घेतलेस तर ते दहा नमुने होत नाहीत. प्रशिक्षण आणि चाचणी अशी फाळणी रुग्णांची करायची, वर्णपटांची नाही. एकाच माणसाचे काही वर्णपट इकडे आणि काही तिकडे गेले तर प्रारूप आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकतं आणि अचूकता खोटी फुगते. तळरेषा काढणं (वर्णपटाखालचा पार्श्वभूमीचा उतार वजा करणं) रुग्णागणिक होत असेल तर प्रश्न नाही, पण सरासरी वजा करणं किंवा पीसीए (वर्णपटांतले मुख्य फरक शोधणारी पद्धत) यांसारखं जे काही सगळ्या संचावरून शिकतं, ते प्रत्येक फेरीत फक्त प्रशिक्षणाच्या भागावरच कर. निरोगी माणसं एका आठवड्यात आणि रुग्ण दुसऱ्या आठवड्यात असं मोजूही नकोस, नाहीतर दिव्याचं वय आणि आजार यांची सरमिसळ होईल.

शेवटी नुसता 'अचूकता' हा एकच आकडा देऊ नकोस. समज हजार जणांत दहा जणांना आजार आहे, आणि चाचणी ९५ टक्के रुग्ण पकडते व ९० टक्के निरोग्यांना निरोगी म्हणते. तरी नऊ-दहा खऱ्या रुग्णांबरोबर ९९ निरोगी माणसांना ती 'आजार आहे' म्हणेल. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने प्राथमिक डॉक्टरांसाठी त्वचेच्या कर्करोगाचं एक हातातलं वर्णपट-उपकरण मान्य केलं. तेही विखुरलेल्या प्रकाशावरच चालतं. अभ्यासात त्याने सुमारे ९६ टक्के कर्करोग पकडले, पण निरोगी डागांपैकी जेमतेम २१ टक्क्यांनाच निरोगी म्हटलं. हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे: चुकून कुणी सुटू नये म्हणून जास्त जणांना तज्ज्ञाकडे पाठवायचं. तुझं उपकरण कुठल्या डॉक्टरच्या टेबलावर वापरायचं, हे ठरल्याशिवाय 'आजार आहे' म्हणायचा उंबरठा ठरवता येत नाही.

वाटसरू

विषय थोडा सोडून विचारतो, क्षमस्व. माझ्या वडिलांच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. डॉक्टर बायोप्सी सांगताहेत, ते घाबरलेत. अशी प्रकाशाची तपासणी आधी करून घेतली तर बायोप्सी टळेल का?

स्लाइडवाली

वाटसरू, विचारलंत हे फार बरं केलंत. नाही, टळणार नाही, आणि या शोधात वेळ घालवू नका. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर तज्ज्ञाने ती पाहायलाच हवी, आणि त्यांनी बायोप्सी सांगितली असेल तर ती करून घ्या. प्रकाशाची साधनं आज फार तर डॉक्टरांना जागा निवडायला मदत करू शकतात, निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. बायोप्सी बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून होते. वडिलांबरोबर तुम्ही स्वतः जा, आणि भीती वाटते हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. बरेचसे पांढरे चट्टे कर्करोग नसतात, पण ते बघूनच म्हणता येतं.

वाटसरू

मनापासून आभार, डॉक्टर. उद्याच घेऊन जातो.

किरणवेध

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. शेवटचे दोन प्रश्न. निरोगी तुलनेसाठी त्याच रुग्णाच्या दुसऱ्या गालावरचा वर्णपट घेतला तर चालेल का? आणि खुर्चीपाशी प्रत्यक्ष क्रम कसा ठेवू?

स्लाइडवाली

दुसरा गाल जरूर घे, पण तोच एकमेव आधार ठेवू नकोस. तंबाखूसारखं कारण सगळ्या तोंडाला लागलेलं असतं, त्यामुळे समोरचा गाल दिसायला ठीक असला तरी आतून बदललेला असू शकतो. सवय नसलेल्या, त्याच वयाच्या माणसांचा वेगळा गटही हवा. जागाही जुळव: गालाची तुलना गालाशी, जिभेच्या कडेची जिभेच्या कडेशी. स्लाइड दोन विकृतितज्ज्ञांनी वेगवेगळ्या वाचाव्यात आणि त्यांना वर्णपट दाखवू नये. डिस्प्लेशियाच्या श्रेणीवर आमचंही एकमत होईलच असं नाही, ते मतभेद नोंदवून ठेव. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत प्रोब कुणाच्याही तोंडात जाता कामा नये.

जुना_फायबर

क्रम असा ठेव. दिवा अर्धा तास आधी लाव, त्याशिवाय तो स्थिर होत नाही. पांढऱ्या प्रमाणित पृष्ठभागाचा वर्णपट घे, मग दिवा झाकून अंधाराचा. हे दोन्ही प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर. प्रोब निर्जंतुक करण्याची पद्धत रुग्णालयाकडून लेखी घे. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरू दे, जागा गॉजने हलकी टिप. प्रोब नुसता टेकव, दाबू नकोस. दाबलास की रक्त बाजूला सरकतं आणि तुझे ५४२-५७७ चे खळगे उथळ होतात. प्रोब उचलून पुन्हा टेकवून त्याच जागी तीनदा तरी घे. हे तीन एकमेकांशी जुळले नाहीत तर रुग्णांमधल्या फरकाबद्दल काही बोलता येणार नाही.

रुग्णालयात जाण्याआधी इंट्रालिपिड (प्रकाश विखुरणारा दुधाळ मेदद्रव) आणि काळ्या शाईचे द्रव नमुने बनव. विखुरणं आणि शोषण तुला माहीत असलेले. त्यावर तुझं गणित बरोबर आकडे परत देतंय का ते बघ. पहिल्या नमुन्यांचे आलेख इथेच टाक, आपण मिळून बघू.