ऑक्राकोक : पूल नसलेल्या बेटावर जाताना (अनुभव धागा)

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोर आउटर बँक्स ही वाळूच्या लांबट बेटांची माळ आहे. त्यातल्या ऑक्राकोकला पूल नाही, म्हणूनच ते अजून शांत आहे. जाऊन आलेल्यांनी कामाचं लिहावं: फेरी (गाड्या-माणसं नेणारी बोट), किनारा, गाडी, कुठे काय अडतं. वर्णनं थोडक्यात आवरा.

—

फेरीवर सगळं बेतलेलं असतं. शेजारच्या हॅटेरस बेटाहून गाड्यांची फेरी फुकट आहे, पण आरक्षण नाही; आधी येईल तो आधी चढेल. पूर्वी 40 मिनिटांत पोचायची. दोन बेटांमधल्या खाडीच्या मुखाशी वाळू साचत गेली आणि आता लांबचा वळसा घ्यावा लागतो, तेव्हा तासाभराच्या वरच धरा. उन्हाळ्यात सकाळी लवकर रांगेत लागा. आणि उतरलात की गाव आलं असं नाही, पुढे हायवे 12 वर 20 किलोमीटर आहेत.

सीडर आयलंड (सुमारे सव्वादोन तास) आणि स्वॉन क्वार्टरच्या (त्याहून थोडा जास्त वेळ) फेऱ्या थेट गावात, सिल्व्हर लेक बंदरात लागतात. त्यांना भाडं आहे, आरक्षणही करा. आरक्षण असूनही अर्धा तास आधी हजर झाला नाहीत तर जागा गेली समजा. निघायच्या दिवशी सकाळी वारा किती आहे ते बघा. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात.

—

एक गैरसमज आधीच दूर करतो. खोलीच्या खिडकीतून लाटा दिसतील अशी अपेक्षा असेल तर दुसरीकडे जा. समुद्राकडचा 25-26 किलोमीटरचा किनारा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, तिथे हॉटेल नाही, टपरीही नाही. गाव मागच्या बाजूला, पॅम्लिको साउंडकडे (बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी) आहे. म्हणजे सावली, पाणी, खाणं सगळं गावातूनच न्यायचं. पोहायचं तर हंगामात लाइफगार्ड असतात त्याच भागात. परतीचा प्रवाह (किनाऱ्यावरून आत समुद्रात नेणारा) ओढायला लागला तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून आधी बाहेर पडा. लाटा फुटत नाहीत तो गुळगुळीत पट्टा पाण्यात उतरायला सोपा वाटतो, धोका बहुधा तिथेच असतो.

—

किनाऱ्यावर गाडी न्यायची असेल तर परवाना आधी काढा (10 दिवसांचा किंवा वर्षाचा). गाडीत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि कमी दाब मोजणारा गेज लागतो, हे नियमातच आहे. किनाऱ्यावर जायच्या रॅम्पवर चढण्याआधी चारही टायर 20 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा. दाब कमी झाला की टायर पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. रुतण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 35 पीएसआयवर आत शिरणं आणि मग चाक फिरवत बसणं. चाकाच्या प्रत्येक गिरकीत खड्डा खोल होतो. रुतलात तर एक्सलरेटर सोडा, चाकांपुढची वाळू काढा, हवा आणखी थोडी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापतो. मे महिन्यापासून रात्री 9 नंतर गाड्या बंद. कासवं अंडी घालायला वर येतात.

—

शिंपल्यांसाठी ओहोटी आणि वादळानंतरची सकाळ. स्कॉच बॉनेट हा राज्याचा अधिकृत शंख (1965 पासून). अखंड क्वचितच मिळतो. आत जीव असेल तर परत पाण्यात सोडा. समोरच्या पोर्ट्समथ बेटावर होडीने जाता येतं. तिथले शेवटचे रहिवासी 1971 मध्ये निघून गेले, चर्च आणि पोस्टाची इमारत मात्र उभी आहे. तिथे पाणी मिळत नाही. डास किती, हे सांगून पटणार नाही. लांब बाह्यांचा सदरा न्याच.

—

गावात सायकल भाड्याने घ्या, गाडी उभी करून ठेवा. 1823 चं पांढरं दीपगृह बाहेरूनच बघायचं, वर चढू देत नाहीत. स्प्रिंगर्स पॉइंट या राखीव जंगलाला पार्किंग नाही, चालत किंवा सायकलनेच जा. ब्लॅकबिअर्ड चाच्याला 22 नोव्हेंबर 1718 ला मारलं ते याच बाजूच्या पाण्यात. ब्रिटिश स्मशानभूमी छोटीशी आहे, पण चुकवू नका: 11 मे 1942 ला जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या 'बेडफर्डशर' जहाजावरच्या चार खलाशांच्या कबरी. बेटावरचे घोडे कुंपणात आहेत, बघायला बांधलेल्या फलाटावरून दिसतात. त्यांना काही खायला घालू नका.

—

वादळाच्या हंगामाबद्दल कोणीच लिहिलं नाही. 2019 च्या डोरियन चक्रीवादळात गाव बुडालं ते समुद्राकडून नाही, साउंडकडून. वारा फिरला आणि मुख्य भूमीकडे लोटलेलं पाणी उलट आलं. ऑगस्ट-सप्टेंबरला जात असाल तर रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, आणि घर सोडायचा हुकूम निघाला की शेवटच्या फेरीची वाट बघू नका. बाकी किरकोळ: वाळूच्या टेकड्यांमागे अनवाणी फिरू नका, काटेरी गवताच्या बिया तळव्यात रुततात.