रानातल्या सुऱ्या: मूठ आधी बघा

रानात कुठली सुरी न्यावी या चर्चेत एकाने बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानासाठी पोकळ मुठीचा, पाठीला करवतीचे दात असलेला सुरा सुचवलाय. कृपया घेऊ नका. पातं मुठीत जेमतेम शिरलेलं असतं, लाकूड फोडताना तिथंच मोडतं. ४ इंची, ३ मिमी जाड, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेली सुरी घ्या. कारवी-बांबू तोडायला गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला कोयता. लोहाराकडं घेताना मूठ हलवून बघा. पात्याची नुसती शेपटी (मुठीत जाणारं निमुळतं टोक) तापवून लाकडात ठोकलेली असेल तर उन्हाळ्यात लाकूड आकसतं, मूठ सैल होते. आरपार दोन रिव्हेट हवेतच. तिकडच्या पावसात साधं (स्टेनलेस नसलेलं) पोलाद रात्रीत तांबूस होतं, म्हणून पुसून खोबरेल लावा; चामड्याच्या म्यानात ओलं ठेवू नका. त्याच भागातल्या भीमगड अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय सुरी नेऊच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती शस्त्रात मोजली जाते.