पडल्याची तारीख लिहून ठेवा
वर कोणीतरी लिहिलंय की आजोबा बाथरूममध्ये पडले पण साधं टेंगूळपण नाही, मग सीटी स्कॅन कशाला. प्लीज असं सोडून देऊ नका. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, छोट्या धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपत राहतं आणि लक्षणं कधीकधी ३-४ आठवड्यांनी दिसतात, तोवर पडल्याचं सगळे विसरलेले. आमच्या वर्तकनगरला शेजारच्या काकूंच्या हातातून चहाचा कप सारखा निसटायला लागला, सगळे म्हणाले वय झालं. सुनेने कालनिर्णयवर पडल्याची तारीख लिहिली होती म्हणून डॉक्टरांनी लगेच स्कॅन करायला लावला. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी दाखवा, आणि डोकं कशावर आपटलं, शुद्ध हरपली का, तेपण लिहाच.