मदत हवी आहे: सोमाली मैत्रिणींच्या ग्रूपवर चेष्टेला उत्तर काय देऊ?

नमस्कार मंडळी. धागा जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

मी मिनियापोलिसला राहते. शेजारची सोमाली बाई ४ वर्षांपासून माझी मैत्रीण आहे. मैत्री जमली ती चहावरून. त्यांच्या शाहमध्ये, म्हणजे चहात, वेलची, लवंग, दालचिनी असते. पहिला घोट घेतला आणि मी म्हटलं, हा तर आमचाच चहा. ती म्हणाली, नाही, आमचा. तो वाद अजून चालू आहे.

पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. त्यासाठी तिने बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप काढला आणि मलाही त्यात घेतलं. चाळीसेक जणी आहेत: मिनियापोलिस, कोलंबस, टोरांटो, लंडन, नैरोबी. आम्ही झोपतो तेव्हा नैरोबीत सकाळ होते, त्यामुळे ग्रूप कधी झोपतच नाही. निम्मं बोलणं इंग्रजीत, निम्मं सोमालीत, आणि सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्समध्ये. सात-सात मिनिटांच्या! त्यात पोरं रडतात, कुकर वाजतो, मध्येच कुणी दार उघडून येते आणि दोघी मिळून पुढचं बोलतात.

वाचायला गेले तर वेगळीच गंमत. सोमाली रोमन लिपीत लिहितात, पण एक्स म्हणजे घशातला 'ह' आणि सी म्हणजे अरबीतला ऐन. मी दोन दिवस 'क्सालवो' काय असेल याचा विचार करत होते. तो निघाला हलवा! लग्नात नेसायच्या झिरझिरीत लांब पोशाखाच्या स्पेलिंगच्या शेवटी सी आहे. ते वाचून नवरा म्हणाला, "शास्त्रज्ञ पॉल डिरॅकचा यात काय संबंध?" उच्चार आहे साधारण 'दिराअ'.

आता मुख्य अडचण. माझं नाव माया. सोमालीत 'माया' म्हणजे 'नाही'. मी ग्रूपवर "नमस्कार, मी माया" असं लिहिलं आणि अर्धा तास नुसते हसण्याचे इमोजी. लंडनच्या एकीने विचारलं, "आईवडिलांना विचारलं होतं का, मुलगी हवी का?" शेवटी नैरोबीच्या मावशींनी माझं नाव बदलून 'हा' ठेवलं. 'हा' म्हणजे 'हो'. आता सगळ्या मला हा म्हणतात. "हा येणार का?" "हा हो म्हणाली." वाचून डोकं गरगरतं.

मला राग नाही आलेला, उलट मजा येते. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मला अधूनमधून "नाया" अशी हाक येते. ते रागावून असतं का? दोन, मावशींनी फर्मान काढलंय की प्रत्येकीने नवरीसाठी दोन ओळी रेकॉर्ड करून टाकायच्या. त्याला बुरानबुर म्हणतात. काल मला टॅग करून विचारलं, "हा गप्प का?" नुसतं अभिनंदन लिहून सुटेन का? की उलट चेष्टा करायची? कितपत चालते?

जाणकारांनी मदत करावी.

खारीबिस्किट
अगं, चाळीसपैकी चार जणींनाच तू ओळखतेस. आगाऊपणा कशाला? "हंबल्यो" टाक (म्हणजे अभिनंदन), खाली फुलं टाक, मोकळी हो. परक्यांच्या लग्नात आपण हळदीकुंकवाला गेल्यासारखं वागावं.

डोंबिवली_फास्ट
खारीताईंशी असहमत. गप्प बसलीस तर बायकांना वाटेल, हिला राग आला. चेष्टेला चेष्टेनेच उत्तर द्यायचं असतं.

अवांतर: सोमालियाचे हसन शेख मोहमूद, २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते, ऐंशीच्या दशकात भोपाळला शिकले आहेत. पुण्यातही सोमाली विद्यार्थी पुष्कळ असायचे. आमच्या वर्गात होता एक. भातावर केळं खायचा, आम्ही हसायचो. तो म्हणायचा, तुम्ही शिकरणात पोळी बुडवता ते काय?

जुनी_नैरोबीकर
नैरोबीत ११ वर्षं काढली आहेत. ईस्टलीतल्या सोमाली दुकानांत कापड घेता घेता बरंच कळलं, ते सांगते.

"नाया" ही बाईला मारायची हाक. पुरुषाला "वर्या". आपलं अगं आणि अरे, तसंच. फक्त अगंपेक्षा किंचित खरखरीत, "ए बाई" च्या जवळचं. अनोळखी बाईला म्हटलं तर उद्धट वाटतं, मैत्रिणीला म्हटलं तर लाड. तुला म्हणतात म्हणजे तू आत गेलीस. खरी काळजी तेव्हा कर, जेव्हा सगळ्या एकदम गोड होऊन "अबायो, अबायो" करतील. अबायो म्हणजे ताई, आणि ते खरंच प्रेमानं म्हणतात, पण माझ्या कापडवाल्या बाई भाव कमी करायचा नसला की आधी अबायो म्हणायच्या.

नाव बदललं त्याचंही मनावर घेऊ नकोस. टोपणनाव ठेवणं त्यांच्यात सर्रास चालतं, आणि तेही तोंडावर: लांबू, गिड्डी, काळी. सियाद बारेसारख्या हुकूमशहालाही लोक 'अफवेने', म्हणजे मोठ्या तोंडाचा, म्हणायचे. तुला 'हो' मिळालंय, स्वस्तात सुटलीस.

एक मात्र पाळ. कोण कुठल्या कुळाची, हे ग्रूपवर विचारू नकोस. बाकी नवऱ्यांची, सासूची, जाडीची, स्वयंपाकाची यथेच्छ चेष्टा चालते. बाळाचं कौतुक केलंस तर माशाल्ला म्हणायला विसरू नकोस, नजर त्यांच्यातही लागते.

माया (धागाकर्ती)
नैरोबीकर ताई, किती आभार मानू! "नाया" चा अर्थ कळल्यावर मी जुने मेसेज पुन्हा वाचले. सगळा सूरच बदलला.

अजून एक घोळ सांगते. मैत्रीण आपल्या मुलाला "होयो, इकडे ये" म्हणते. मला वाटायचं मुलाचं नाव होयो. होयो म्हणजे आई! आई मुलाला आई म्हणते. ग्रूपवर मी विचारलं, "होयो किती वर्षांचा?" त्यावर काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि ग्रूपवर दर महिन्याला पैशांची काहीतरी पोस्ट येते, 'हगबद, पाळी कुणाची' अशी. ती काय भानगड?

जुनी_नैरोबीकर
भिशी! अगदी आपली भिशी. हगबद म्हणतात, काही जणी अयूतो म्हणतात, तो शब्द इटालियनमधून आलाय. प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यायची, दर महिन्याला एकीने सगळी उचलायची. ना कागद ना सही, फक्त शब्द. निर्वासित म्हणून आलेल्या कितीतरी बायकांनी यावर दुकानं उभी केली. आता हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर होतो, आणि हप्ता चुकवणारीची चेष्टाही तिथेच.

शब्दवेडा
बुरानबुरबद्दल थोडं. पुरुषांचा मोठा काव्यप्रकार गबय, बायकांचा बुरानबुर. लग्नात बायका गोल करतात, एक जण म्हणते, बाकीच्या टाळ्या आणि ढोल धरतात, मध्ये एखादी दुसरी नाचते. मंगळागौर डोळ्यांपुढे आणा. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये, त्याआधीचं सगळं तोंडी. नंतर परदेशी गेलेल्यांनी पत्रांऐवजी कॅसेटी भरून पाठवल्या. त्यामुळे सात मिनिटांच्या व्हॉइस नोटला हसू नका, ती जुन्या घराण्यातली आहे.

गोम अशी की सोमाली कवितेत अनुप्रास सक्तीचा. एक अक्षर धरलं की ते शेवटपर्यंत ओळीओळीत यायलाच हवं. यमक जुळवून भागत नाही.

तेव्हा तुम्ही उखाणाच घ्या, मराठीत, पण त्यांच्या नियमाने. तुमचं नाव 'हा' ठेवलंय ना? मग 'ह' धरा:

*हाती हलव्याची बशी, हसतात साऱ्या बाया,*
*हंबल्यो म्हणायला हजर, 'हा' म्हणणारी माया.*

डोंबिवली_फास्ट
वा! दंडवत.

खारीबिस्किट
हे मात्र आवडलं. मागचा प्रतिसाद मागे घेते. फक्त नवरीचं नाव कुठाय? नवरीशिवाय उखाणा कसला?

माया
शब्दवेडा, तुम्ही देवमाणूस. आधी मैत्रिणीला म्हणून दाखवला, अर्थासकट. हसून हसून ती सोफ्यावरून घसरली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण चुकलाय."

हलवा बाद! कारण त्यांचा हलवा एक्सचा, तो घशातला ह. हंबल्यो आणि हा साध्या ह चे. दोन वेगळी अक्षरं, अनुप्रास मोडला. मी म्हटलं, आमच्यात सगळे ह सारखेच. ती म्हणाली, "तुमच्यात असतील. मावशी कान टवकारून बसल्यात."

मग दोघींनी मिळून पहिली ओळ बदलली: *हाती हगबदीचा हप्ता, हसतात साऱ्या बाया.* खारीताई, नवरीच्या नावात ह नाही, म्हणून ते उखाण्याआधी मोठ्याने घेतलं.

काल रात्री पाठवला. आधी दहा मिनिटं शांतता, माझे हातपाय गार. मग कोलंबसच्या एकीने लिहिलं, "नाया हा!!!" मग एकामागून एक. लंडनवालीने विचारलं, हप्ता खरंच हातात आहे का, कारण मार्चचा कुणाचा तरी बाकी आहे. त्यावरून ज्या दोघींचं भांडण जुंपलं त्या अजून थांबलेल्या नाहीत.

सकाळी मावशींची सहा मिनिटांची व्हॉइस नोट आली. मला त्यातलं फक्त 'हा' कळलं, तेही नऊ वेळा. मैत्रीण भाषांतर करायला तयार नाही, म्हणते लग्नात मावशी समोर असताना सांगेन.

आता पुढची मदत. मला दिराअ नेसायचाय. तो पारदर्शक असतो, आत गोरगोरद नावाचा परकर लागतो. साडीचा परकर घातला तर चालेल का?

जुनी_नैरोबीकर
अजिबात नाही! गोरगोरदची चकचकीत किनार खाली दिसलीच पाहिजे, शोभा तिचीच. साडीचा सुती परकर घालून गेलीस तर पुढची १० वर्षं तुझं नाव 'परकर' राहील. मैत्रिणीकडून उसना घे. आणि नाडी घट्ट बांध, तिथे नाचावं लागतं.