रक्तात जंत सापडला नाही, मग पाय कशाने सुजतो? (हत्तीपाय)

कापूसकोंडा
नमस्कार मंडळी, आई गावी असते वर्धा जिल्ह्यात, मी पुण्यात. तिचा डावा पाय आठ-नऊ वर्षांपासून सुजलेला आहे, आधी रात्री झोपून उठलं की उतरायचा आता उतरत नाही. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येतं, पाय लाल होऊन तापतो, चार-पाच दिवसांनी ओसरतं पण दर वेळी सूज आधीपेक्षा थोडी जास्तच राहते. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला हत्तीरोगवाले आले, सगळ्यांच्या बोटाचं रक्त घेऊन गेले, आईचा रिपोर्ट निगेटिव्ह. आता मामा म्हणतो बघ हत्तीपाय नाहीच आहे, वाताचा पाय आहे, आणि आशाताईंनी दिलेल्या गोळ्या आईने डब्यात ठेवून दिल्यात. जंतामुळे होतो म्हणतात ना हा रोग? मग जंत रक्तात नाही तर पाय कशाने सुजला?

रात्रपाळी
११ वर्षं हेच काम केलंय बाप्पा, रात्री बॅटरी घेऊन गावात फिरायचं, कुत्री मागे लागतात, झोपलेल्या माणसाला उठवलं की तो आधी शिव्या देतो मग बोट देतो 😄 रात्रीच का, तर जंताची पिल्लं (मायक्रोफायलेरिया) दिवसा फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास बाहेरच्या रक्तात भरपूर येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. नालीत, संडासच्या टाकीत वाढतो तो. पिल्लू पाव मिलिमीटरचं. ताजा थेंब काचेवर घेऊन बघितला ना तर लाल पेशी इकडेतिकडे ढकलल्या जाताना दिसतात, मधे हे वळवळतंय, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रात्री जेवण गेलं नव्हतं.

पण मुद्दा असा की रक्तात असतात ती पिल्लं. आईबाप जंत रक्तात नसतातच, ते लिम्फच्या नळ्यांत (लिम्फ म्हणजे अंगात झिरपलेलं पाणी, ते या नळ्यांतून परत रक्तात जातं). मादी ८-१० सेंटिमीटर, केसासारखी बारीक, नर तिच्या निम्मा, आणि पाच-सात वर्षं सहज जगतात. मी पाहिलेलं सांगतो, एका घरी आखाड्यात जाणारा पोरगा, अंगात काही म्हणजे काही नाही, त्याची स्लाइड पिल्लांनी भरलेली. शेजारच्या घरात बाईचा पाय हा एवढा, तिची स्लाइड कोरी. हे नेहमीचंच आहे. त्यामुळे तुमच्या मामांना सांगा निगेटिव्ह आलं म्हणून रोग नाही असं होत नाही.

भंगारवाला_इंजिनिअर
यात एवढं काय आहे, नळीत जंत अडकला, पाणी तुंबलं, पाय फुगला. साधं ब्लॉकेज. जंत मेला की नळी मोकळी व्हायला पाहिजे ना मग.

डॉ_सलाईन
@भंगारवाला_इंजिनिअर आम्हालाही कॉलेजात आधी असंच वाटायचं, पण तसं नाही. पुरुषांत अंडकोषाजवळच्या नळीची सोनोग्राफी केली की जिवंत जंत सतत वळवळताना दिसतो, त्याला फायलेरिया डान्स असं नावच आहे, आणि तो ज्या नळीत नाचतोय ती बंद नसते, उलट फुगून रुंद झालेली असते. जंत जिवंत असताना बुच लावत नाही, नळी सैल करतो. आता पायातलं लिम्फ वर चढतं ते नळीतल्या छोट्या झडपांच्या आणि आकुंचनाच्या जोरावर. नळी रुंद झाली की झडपा एकमेकींना टेकत नाहीत, चढलेलं लिम्फ परत खाली येतं. जुन्या विहिरीचा पंप बघा, फूटव्हॉल्व्ह गेला की कितीही चालवा पाणी वर राहत नाही. पाईप चोंदलेला नसतो.

दुसरा भाग जंत मरतो तेव्हाचा. त्याच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, जंत मेला की ते आणि जंताचा सगळा मालमसाला बाहेर पडतो आणि आपलं शरीर खवळून उठतं, नळीला सूज, नंतर व्रण. म्हणजे जंत मेल्यावर मोकळं होणं सोडाच, काही नळ्या त्यानंतर खऱ्या अर्थाने बंद पडतात.

आणि तिसरा भाग, जो कोणी सांगत नाही आणि तुमच्या आईच्या बाबतीत आता हाच महत्त्वाचा. लिम्फ साचलेल्या पायाची राखण कमजोर होते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, भेग पडली, काटा लागला, तिथून साधे जिवाणू आत शिरतात आणि मग हुडहुडी, ताप, अवधाण. हा ताप बहुतेक वेळा जंताचा नसतो, त्या जिवाणूंचा असतो. पावसाळ्यात का, तर निंदणाला दिवसभर पाय ओल्यात. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा, दर तापानंतर सूज थोडी जास्त राहते. पायाचा हत्ती होतो तो असा, एकेका तापाने. जंत कधीच मरून गेलेले असू शकतात.

खोबरेल
आमच्या काकांचा पाय सुजला नव्हता, हायड्रोसील होतं, म्हणजे अंडकोषात पाणी भरलेलं. लाजेपायी १५ वर्षं धोतराखाली लपवलं, शेवटी ऑपरेशन केलं तर तिसऱ्या दिवशी घरी. तेपण याच जंताने होतं हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या ओळखीतल्या एकाला दुधासारखी लघवी व्हायची, तेही हेच निघालं.

कापूसकोंडा
बापरे. डॉक्टर म्हणजे गोळ्यांनी पाय उतरणार नाही? मग खायच्या कशाला, आणि आम्ही धडधाकट माणसांनी का खायच्या? मागे मी खाल्ल्या तर डोकं दुखून ताप आला होता.

रात्रपाळी
तो पोरगा आठवा ना स्लाइडवाला. तो गावभर फिरतो, डास त्याला चावतो, डासाच्या अंगात १०-१४ दिवसांत पिल्लू तयार होतं आणि दुसऱ्याला लागतं. एका चावण्याने होत नाही, वर्षानुवर्षं शेकडो-हजारो वेळा चावावं लागतं, पण आपल्याकडे डास कमी आहेत का. गोळी पिल्लं मारते म्हणून सगळ्या गावाने खायची. ताप येतो तो बहुतेकदा पिल्लं मेल्यामुळे, आणि उपाशीपोटी तर खायचीच नाही. गरोदर बाई, दोन वर्षांच्या आतलं लेकरू, खूप आजारी माणूस, यांना देत नाहीत.

डॉ_सलाईन
आईंनी गोळ्या घ्याव्यात, पण ताप-लाली चालू असताना नाही, ओसरल्यावर केंद्रात विचारून. त्या तापात पाय चोळायचा नाही, गरम तेल तर अजिबात नाही, डॉक्टरांकडे जायचं, अँटिबायोटिक लागतं. एरवी रोज साबणाने पाय धुवायचा, बोटांच्या मधला भाग फडक्याने टिपून कोरडा करायचा, बसताना-झोपताना पाय उंच. एवढ्यानेच तापाच्या फेऱ्या खूप कमी होतात. आज व्हिडिओ कॉलवर बेचक्या बघा एकदा.

कापूसकोंडा
बघितल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधे कातडी पांढरी पडून सोललीये, आणि जोडवं इतकं रुतलंय की खालची कातडी ओलीच राहते, वास येतो म्हणाली. ती म्हणते सगळं करीन पण जोडवी काढणार नाही.

खोबरेल
जोडवी काढायलाच लागतील हो. ओढू नका, सोनाराकडून कापून घ्या.

कापूसकोंडा
बाबांना फोन दिला. ते म्हणाले मी जिवंत आहे तोवर तुला काय भीती, काढ. उद्या सोनाराकडे नेतायत.