भाचा म्हणतो पाबळ, दाजी म्हणतात पुणे

रहिमतपूरकर
भाच्यावरून बहिणीच्या घरात आठवडाभर धुसफूस चाललीय. बारावी सायन्स, ६८ टक्के. दाजींचं ठरलंय: पुण्यात बी.एस्सी., पुणे विद्यापीठाचा शिक्का. पोरगं मात्र मित्राबरोबर पाबळचा विज्ञान आश्रम बघून आलं आणि आता तिथलंच गाणं गातंय.

माहीत नसलेल्यांसाठी: पाबळ शिरूर तालुक्यात. डॉ. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली आश्रम सुरू केला. वर्षभर तिथेच राहायचं. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया असं आळीपाळीनं सगळं हातानं करून शिकायचं. शेवटी मिळते पदविका. पदवी नाही, आणि घोडं तिथंच पेंड खातंय.

परवा गेलो तर हा ओट्यावर पेपर पसरून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसलेला. काळे पडलेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासत होता. आजी म्हणाली, "सायन्स शिकून वायरमन व्हणार व्हय रं?" ह्यानं मान वर केली नाही.

मला पोराचं पटतं. पण दाजींना कुठल्या तोंडानं सांगू? माझा पगार पदवीवरच चालतो.

कृष्णाकाठ
दाजी बरोबर आहेत. राज्यसेवेचा फॉर्म भरायचा तरी पदवी लागते. उद्या याला फौजदार व्हावंसं वाटलं तर? अठराव्या वर्षी कुणाला कळतं काय व्हायचंय ते. दार उघडं ठेवा.

सांगलीचा_पुण्यात
मी वेलिंग्डनमधून बी.एस्सी. केलं आणि एम.एस्सी.ला पुण्याला आलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दाजींच्या डोळ्यांसमोर गणेशखिंडीतला तो जुना दगडी वाडा आणि झाडीतले रस्ते असणार. पण तो परिसर मुख्यतः पदव्युत्तर वर्गांचा. बी.एस्सी.ची पोरं बसतात संलग्न महाविद्यालयात, आणि अशी महाविद्यालयं पुणे, नगर, नाशिक तिन्ही जिल्ह्यांत पसरलेली. शिक्का सगळ्यांचा एकच. त्यामुळे आधी कॉलेजचं नाव विचारा, मग शहराचं.

तरी पुण्याला मी नावं ठेवणार नाही. चौघांच्या खोलीत माझी कॉट दाराला लागून. कुणी रात्री उठला की दार माझ्या पायावर. पण दिवसभर जयकर ग्रंथालयात बसायला मिळायचं, आणि आवारातच आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. तिथं एका व्याख्यानाला ऐंशीच्या घरातले एक आजोबा शेजारी बसून वहीत टिपणं काढत होते. असं काही असतं हे सांगलीत मला ठाऊकच नव्हतं. ते मी पाबळच्या वेल्डिंगवरून ओवाळून टाकणार नाही.

माणदेशी_बाई
मला यात वेगळंच खटकतं. हातानं शिका, गावात राहा, हे नेहमी आपल्याच पोरांना का सांगतात? १९३७ साली वर्ध्याला गांधीजींची नई तालीम आली, चरख्यावर शिक्षण. किती पुढाऱ्यांनी आपली पोरं तिथं घातली? कोथरूडच्या मुलाला गॅप इयर म्हणून पाबळ शोभतं, त्याच्यामागे बापाचा फ्लॅट असतो. आमच्या भागात पहिली पदवी घरात येते तेव्हा पेढे वाटतात. त्या पदवीला 'कागद' म्हणून नाक मुरडू नये.

शाहूपुरी_सातारा
ताई, तुमचा मुद्दा झोंबला, पण आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण विसरताय. भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकच बोर्डिंग. पोरं स्वयंपाक करायची, शेतात राबायची. १९४७ ला शिवाजी कॉलेज निघालं तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. हातात कुदळ आणि काखेत पुस्तक, दोन्ही एकदम. पाबळ की पदवी असं भांडणच कशाला?

माणदेशी_बाई
अहो, तेच तर म्हणतेय! भाऊराव अण्णांनी कुदळ दिली ती कॉलेजात पोचण्यासाठी, कॉलेजाऐवजी नाही. आणि कमवा-शिकाचं म्हणाल तर मी स्वतः केलंय. दोन वर्षं ऑफिसात फायली पुसल्या. पैसे मिळाले, मेस सुटली. पण शिकले काय? धूळ कुठल्या कपाटात जास्त असते ते. (कॉलेजचं नाव घेत नाही.)

शाहूपुरी_सातारा
हे मात्र मान्य. काम शिकवणारं हवं, नुसतं राबवणारं नको. पाबळचं वेगळेपण तेच आहे, तिथं काम हाच पाठ.

कृष्णाकाठ
मग वर्षभर पाबळ करू दे आणि पुढच्या जूनला बी.एस्सी.ला घाला. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, रोज शेकड्यानं होतात. नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून लोक नोकरी करत पदवी घेतायत. पण पाबळ संपल्यावर पोरगं परत पुस्तकाला बसेल याची हमी कोण घेणार? माझ्या चुलतभावानं एक वर्ष 'ब्रेक' घेतला, त्याला आता सोळा वर्षं झाली. टेंपो चांगला चालवतो.

सांगलीचा_पुण्यात
आणि टेंपो स्वतःचा असेल तर तुमच्या-माझ्यापेक्षा सुखी असेल.

रहिमतपूरकर
सगळ्यांचं वाचून दाखवलं. दाजींना गणेशखिंडीचं कळल्यावर जरा धक्का बसला, त्यांना खरंच वाटत होतं की पोरगं त्या वाड्यात बसणार. ताईंचं वाचून मात्र म्हणाले, "बघ, ही बाई शहाणी हाय." रविवारी दोघं पाबळला जाऊन येणार आहेत, शिक्रापूरवरून. दाजी मेसमधलं जेवण बघूनच काय ते ठरवणार.

अवांतर: स्टार्टर बसवला. मोटार सुरू होते, पण हिरवं बटण दाबून धरावं लागतंय, सोडलं की बंद. पोरगं हैराण झालंय. कुणाला काही कळतंय का?

कृष्णाकाठ
होल्डिंगची वायर, म्हणजे बटण सोडल्यावरही स्टार्टर धरून ठेवते ती, निसटली असेल, नाहीतर तिथली कॉन्टॅक्टची पट्टी घासून घासून पातळ केली असेल त्यानं. आधी मेन स्विच पाडायला सांगा त्याला.