‘काँटेंटएडिटेबल मेलं’ म्हणणाऱ्यांनी आधी मराठीत एक ओळ टंकून दाखवावी

जिरावण_इंदूर
सुपर_कॉरिडॉर यांची कालची पोस्ट वाचली आणि पोहे गार झाले. त्यांचं म्हणणं असं: "ब्राउझरमध्ये रिच टेक्स्ट एडिटर बांधायचा तर काँटेंटएडिटेबलच्या उकिरड्यात हात घालू नका. फ्लटर घ्या, सगळं कॅनव्हासवर स्वतः रंगवा, सगळीकडे एकसारखं दिसतं. गूगल डॉक्सनंही तेच केलं." खाली अंगठ्यांची रांग. (नव्यांसाठी: रिच टेक्स्ट एडिटर म्हणजे ठळक-तिरपं करता येणारी लिहायची चौकट; काँटेंटएडिटेबल ही पानावरच लिहू देणारी ब्राउझरची स्वतःची सोय; फ्लटर हे गूगलचं ॲप बांधायचं साधन; कॅनव्हास म्हणजे पानावरची कोरी जागा, तिथं अक्षरंही आपणच रंगवायची.)

अहो, हे नाटक मी पहिल्या रांगेतून पाहिलंय. २००८ साली एका गिऱ्हाइकासाठी फ्लेक्समध्ये, म्हणजे फ्लॅशवर ॲप बांधायच्या अडोबीच्या साधनात, एडिटर बांधला होता. तेव्हाही हेच ऐकवत असत, की एचटीएमएल कागदपत्रांसाठी, ॲप्लिकेशनला फ्लॅशच. पुरावा म्हणून बझवर्ड हा फ्लॅशमधला ऑनलाइन एडिटर दाखवायचे. होताच तो देखणा, पान पानासारखं दिसायचं. अडोबीनं २००७ मध्ये ती कंपनीच उचलली. गूगलनं २००६ मध्ये घेतलेली, एचटीएमएलमधली रायटली त्याच्या शेजारी गरीब नातेवाईक वाटायची. मीही भाळलो. इंग्रजीत सगळं चकाचक. दाखवायच्या दिवशी साहेबांनी टंकलं ‘इंदूर विकास’, आणि वि ची वेलांटी व च्या पलीकडे जाऊन बसली. फॉन्ट आत बांधून दिला की फ्लॅश प्लेयर ९ ला देवनागरीची जुळणी कळतच नसे. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्लेयर १० आला, नवं टेक्स्ट इंजिन घेऊन. गिऱ्हाईक मात्र सप्टेंबरातच गेलं होतं.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशची तेरावी झाली. फ्लॅशच्या मायक्रोसॉफ्टी भावाचा, सिल्व्हरलाइटचा, रिचटेक्स्टबॉक्स २०१० मध्ये आला, २०२१ मध्ये सिल्व्हरलाइटसकट गेला. त्या गरीब नातेवाइकाचा वारस, गूगल डॉक्स, मात्र आपण सगळे रोज वापरतो.

मजकूर स्वतः रंगवायला घेतला की ब्राउझरनं फुकट दिलेलं सगळं पुन्हा बांधावं लागतं. निवड, शोध, स्पेलचेक, कीबोर्ड, स्क्रीनरीडर. त्या यादीत मराठीचा नंबर कितवा लागतो ते मला विचारा.

सुपर_कॉरिडॉर
काका, गोष्ट छान सांगता, पण तुलना चुकली. फ्लॅश हे एका कंपनीचं प्लगइन होतं. कॅनव्हास ब्राउझरचा स्वतःचा आहे, तो कोण काढून घेणार? आणि वेलांटीचं म्हणाल तर फ्लटर अक्षरजुळणीला हार्फबझ वापरतं. क्रोमही तेच वापरतो. २००८ ची जखम किती दिवस चाटणार?

आता तुमच्या लाडक्याचे गुण ऐका. एंटर दाबला की क्रोम डिव्ह घालणार, जुना इंटरनेट एक्सप्लोरर पॅरेग्राफ, आणि फायरफॉक्स २०१८ पर्यंत नुसता ब्रेक, म्हणजे एकाच कळीला तीन ब्राउझरांचे तीन एचटीएमएल टॅग. दोन परिच्छेद बॅकस्पेसनं जोडले की क्रोम गुपचूप स्पॅन घुसवतो, त्यात फॉन्टचा आकार. वर्डमधून पेस्ट केलं की आख्खं गटार आत. एक्झेक-कमांड, म्हणजे ठळक-तिरपं करायची ब्राउझरची आज्ञा, अधिकृतपणे कालबाह्य, आणि तिच्या जागी काय, तर काही नाही. मीडियम या ब्लॉगसाइटच्या इंजिनियरनं २०१४ मध्येच लिहून ठेवलंय हे किती भयानक आहे ते. गूगल डॉक्सनं २०१० मध्ये स्वतःचं लेआउट इंजिन बसवलं, २०२१ मध्ये कॅनव्हासवर जायचं जाहीर केलं. ते लोक वेडे का?

जिरावण_इंदूर
वेडे नाहीत, श्रीमंत आहेत. कॅनव्हासवर गेल्यावर जे जे हातचं गेलं ते परत बांधायला त्यांच्याकडे फौज आहे. आपल्याकडे मी, एक पोरगा आणि भंवरकुव्याजवळची एक खोली.

फ्लटरच्या पानावर कंट्रोल-एफ दाबून बघा, समोर दिसणारा शब्द ब्राउझरला सापडत नाही. त्याच्यासाठी ते चित्र आहे. स्क्रीनरीडरचा आधार मुळात बंद, एक लपलेलं बटण दाबल्यावर चालू. कॅनव्हासकिटचं, म्हणजे फ्लटरच्या रंगवणाऱ्या इंजिनाचं, दीड एमबी ओझं वेगळं. आणि फॉन्ट सोबत दिला नसेल तर नोटो फॉन्ट नेटवरून उतरेपर्यंत मराठीच्या जागी चौकोन. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्या काकू म्हणाल्या, "अरे, हे काय लाद्या बसवून ठेवल्यास?"

सुपर_कॉरिडॉर
फॉन्ट सोबत द्यायचा असतो. कागदपत्रं वाचली की कळतं.

बडोदेकर_भाऊ
दोघंही टोकाला जाऊन बसलाय. मी दांडिया बाजारात बसून हा धंदा नऊ वर्षं करतोय. प्रोझमिरर ही एडिटर बांधायची लायब्ररी घ्या. दस्तऐवज आपल्या मॉडेलमध्ये ठेवायचा, काँटेंटएडिटेबलला फक्त पाटीसारखं वापरायचं. त्यावर लिहिलेलं आपण वाचून घ्यायचं, ब्राउझरनं काय एचटीएमएल केलं त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पण फुशारकी मारत नाही. अँड्रॉइडच्या कीबोर्डनं माझ्या आयुष्याची दोन वर्षं खाल्ली. कुठलीही कळ दाबा, कीकोड, म्हणजे कळीचा नंबर, येतो २२९. शब्द पुरा होईपर्यंत कीबोर्ड तो स्वतःच्या ताब्यात ठेवतो, आपण मध्ये डीओएमला, म्हणजे पानाच्या आतल्या रचनेला, हात लावला की अक्षरं दुप्पट. ‘नमस्कार’चं ‘ननमनमस्कार’. मुलीच्या बारशाला मी कोपऱ्यात फोन घेऊन हेच तपासत होतो. सौ. अजून काढतात.

जुना_कंपोझिटर
मला तुमचं कॅनव्हास-बिनव्हास कळत नाही. चाळीस वर्षं खिळे जुळवले, मग डीटीपी केलं. एक सांगा, तुमच्या या सगळ्या एडिटरांत मराठीचा ल का येत नाही? पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये निर्णय काढला, तरी पडद्यावर दंडाचाच ल. आमच्या इंदुरात तर लग्नपत्रिकाही हिंदी अक्षरांत मराठी बोलून राहिल्या आहेत.

लष्करवाला
काका, महाराष्ट्र शासनाचा निर्णय इंदूर-ग्वाल्हेरला कधीपासून लागू झाला? आमच्या पोरांनी हिंदी शाळेत दंडाचा ल गिरवला, घरी आजी पाकळीचा काढते. दोन्ही वाचता येतात. मराठी अक्षराच्या पाकळीत राहते का?

जुना_कंपोझिटर
हो, राहते! खिळा चुकला की आमचे मालक आख्खा फर्मा परत जुळवायला लावत. तुम्हाला चालतं म्हणून सगळं चालतं.

जिरावण_इंदूर
कंपोझिटर काका, धागा एडिटरचा आहे. तरी उत्तर देतो, कारण माझ्या बाजूचं आहे. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर पानाला भाषा ‘मराठी’ एवढं सांगितलं की ब्राउझर पाकळीचा ल काढतो. एका शब्दाचं काम. कॅनव्हासवाल्यांनी करून दाखवावं.

सुपर_कॉरिडॉर
फ्लटरच्या टेक्स्टस्टाइलमध्येही भाषा सांगायला लोकेल नावाची गोष्ट आहे. तेही एका शब्दाचंच काम. पुढचा आरोप आणा.

लष्करवाला
आणि हिंदी-मराठी मिसळलेल्या परिच्छेदाला कुठली भाषा सांगायची? आमच्या घरात एकाच वाक्यात दोन्ही असतात.

जुना_कंपोझिटर
म्हणूनच तर म्हणतो, मुळात भाषाच सरळ बोला.

लष्करवाला
काका, आता हे वैयक्तिक होतंय. पाच पिढ्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काढल्या आमच्या घराण्यानं, तीन भाषांच्या मध्ये मराठी टिकवली. पुण्यामुंबईवाले शिकवतात ते पुरे आहे, आता इंदूरनंही शिकवावं?

बडोदेकर_भाऊ
आमच्याकडे मराठीत गुजराती मिसळते, कोणी रडत नाही. शेव-उसळ खा, शांत व्हा.

आणि ल चं सोडा, ल चुकला तरी अर्थ बदलत नाही. ऱ्य चुकला की बदलतो. जुन्या फायलींत हा ऱ्य नुसत्या र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्हानं लिहिलेला असतो. ‘पेस्ट साफ करा’वाल्या कोडमध्ये कुणीतरी हुशारी करून शून्य रुंदीची सगळी अक्षरं उडवलेली असतात. चिन्ह गेलं की र उडी मारून रफार होतो. आमच्या एका मंडळाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना मानधन’ होतं. छापून आलं ‘आचार्यांना मानधन’. भंडाऱ्याला जेवण रांधणारे चौघं एका रात्रीत विद्वान झाले, आणि मंडळाचे खरे संस्कृत आचार्य विचारायला आले की माझं पाकीट कुठाय.

जुना_कंपोझिटर
हाच तो! मागच्या दिवाळी अंकात ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सह्याद्रीवरची कविता समुद्रात बुडाली. कवी माझ्याशी अजून बोलत नाहीत. आणि प्रूफ मी तपासलं होतं, बरोबर होतं!

सुपर_कॉरिडॉर
एक मिनिट. म्हणजे हा गोंधळ काँटेंटएडिटेबलवाल्या एडिटरात झाला ना? फुकट मिळणारी मराठी ती हीच का?

जिरावण_इंदूर
... हो. कोड आमच्यासारख्याच कुणाचा तरी असणार. ब्राउझरचा दोष नाही, पण बरं, तुमचा मुद्दा. घ्या, पदक लावून हिंडा.

बडोदेकर_भाऊ
भांडून झालं असेल तर आता हे करून दाखवा. दोघांनी आपापल्या एडिटरात तीन गोष्टी करायच्या. एक, जोडचिन्हाचा ‘आचाऱ्यांना’ पेस्ट करा आणि सेव्ह करून परत उघडा. दोन, ऱ या स्वतंत्र अक्षरानं लिहिलेला तोच शब्द शोधा, दोन्ही सापडतात का बघा. दिसायला जुळे, आत वेगळे, डेटाबेसला ते दोन शब्द वाटतात. तीन, ‘क्षि’वर बॅकस्पेस मारा, आधी वेलांटी जाते की आख्खं अक्षर.

सुपर_कॉरिडॉर
(रात्री पावणेबाराला) केलं. पेस्ट बरोबर. बॅकस्पेसला आख्खा क्षि गेला, वेलांटी नको असेल तर सगळं परत टंकावं लागतं, आणि हे मला आजवर दिसलंच नव्हतं कारण मी मराठी फोनवरच लिहितो. शोधात स्वतंत्र ऱ चा सापडला, जोडचिन्हाचा नाही. फ्लटर सोडणार नाही, आमचं बाकी ॲप त्यातच आहे. पण ‘उकिरडा’ हा शब्द मागे घेतो. अर्धा.

जिरावण_इंदूर
माझाही शोध नापास. बॅकस्पेसला वेलांटी एकटी गेली, जशी जायला हवी तशी. एवढ्यावर आज झोप लागेल.

जुना_कंपोझिटर
क्षि चं झालं. आता ल चं कोण बघतंय?

लष्करवाला
काका!!